मुकी जाऊबाई

उजव्या हाताची करंगळी वर, बाकीची बोटं मुठीत, मान थोडी खाली. शाळेत पोरं मास्तरांना करतात तशी खूण. माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून चाळिशीला टेकलेला हा माणूस अगदी तशी करंगळी वर करायचा आणि म्हणायचा, "अक्का, मला जायचंय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मशीनवरून मानही वर केली नाही. "मग जा की. मी काय धरून ठेवलंय?" असं म्हणाले. त्याचं ते वाक्य किती अवघड होतं ते पुढे कळलं.

आधी एक सांगून ठेवते. पँट-शर्टात असला की मी त्याला 'तो' म्हणायची, साडीत असली की 'ती'. 'अरे' आणि 'अगं' त्याच हिशेबाने. इथेही तसंच लिहिणार आहे. माणूस एकच आहे, गोंधळू नका. आणि गोंधळलात तरी माझ्यावर चिडू नका, कारण मी उलट चिडेन, आणि माझं चिडणं बरं नसतं. एकदा बसमध्ये मागून चिकटणाऱ्या एकाच्या पोटरीत मी फॉलची सुई आरपार घातली होती. तो ओरडत उतरला आणि मी माझ्या स्टॉपपर्यंत बसून गेले.

हैदराबादेत कोठीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या रांगेला लागून असलेल्या गल्लीच्या तोंडाशी, माझं फॉल-पिकोचं दुकान होतं. दुकान म्हणजे फळ्यांचं खोकं, एक मशीन, मागे पडदा. आमचे लोक मराठवाड्यातले, शेतीवाले. वडील निजामाच्या काळात इथे शहरात नोकरीला आले आणि इथलेच झाले. पुण्याच्या पाहुण्यांना आमची मराठी ऐकून हसू येतं. येऊ दे, त्यांचं हसू ऐकून मलाही काही बरं वाटत नाही.

तो बेगम बाजारात मसाल्याच्या घाऊक दुकानात माल दाखवायच्या कामाला होता. अंगाला मिरीचा आणि हिंगाचा वास असा की तो पायरीवर आला की मला शिंक यायची. राहायला मलकपेठेत, थोरल्या भावाच्या घरी. लग्न झालेलं नव्हतं. घरात वहिनीचा कारभार. तिची हाक आली की हा असेल तिथून "आलो, आलो" करत पळायचा. "घरात दिवसभर तेवढंच बोलणं होतं माझं," असं सांगून स्वतःच हसायचा.

पहिल्यांदा आला तो ब्लाऊजपीस घेऊन. "बहिणीसाठी शिवायचाय."

"मी फॉल-पिको करते. पण शिवीन. मापाचा ब्लाऊज आणलाय?"

"नाही. बहीण माझ्यासारखीच आहे. हाडापेराने." असं म्हणून त्याने दोन्ही हात बाजूला पसरले.

मी टेप घेतला. छाती घेतली, दंडघेर घेतला, पाठ घेतली. असला रुंद दंड मी कुठल्याच बाईचा पाहिला नव्हता. विचारलं, "बहिणीला दाढी येते का रे?"

त्याने हनुवटी चोळली. मग म्हणाला, "रोज करते ती."

मी इतकी हसले की टेप हातातून पडला. तोही हसला. त्या दिवसापासून ओळख झाली. ब्लाऊज मी मनापासून शिवला, बाह्या थोड्या लांब ठेवल्या आणि हूक दुहेरी टाक्यांचे घातले.

रविवारी बेगम बाजार बंद असायचा. मी मात्र अर्धं शटर उघडून लग्नसराईचं राहिलेलं काम करत बसायची. रविवारी दुपारी तो यायचा, पडद्यामागे जायचा आणि ती बाहेर यायची. मोतिया रंगाची व्हॉईलची साडी, मानेवर गंगावन घालून बांधलेला आंबाडा, बारीक टिकली. पदर घ्यायची पद्धत माझ्यापेक्षा नीट. मग ती कोठीत हिंडून यायची. पुस्तकं चाळायची, काचेच्या बांगड्यांपाशी उभी राहायची, उसाचा रस प्यायची, गजरा घ्यायची. परत यायची, पडदा ओढायची आणि शर्ट घालून मलकपेठेला जायचा. बस, एवढंच. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

मी एकदा सरळ विचारलं, "तुला बाई व्हायचंय का रे?"

त्याने नीट विचार केला. "रोज नाही, अक्का. रविवारी."

काही जण घर सोडतात, दुसऱ्या वस्तीत जातात, तिथेच जन्म काढतात. त्यांचं वेगळं. याला सोमवारी मिरी-जिऱ्याच्या पोत्यांत परत जायचं होतं आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. रविवार मात्र त्याला हवाच होता. आणि तो रविवार अडला कुठे, तर मुतायला जायचं कुठे इथे. वाचताना नाक मुरडू नका. तुम्हालाही लागते.

त्याच सुमाराला शहर चकाचक करायची टूम निघाली होती. घरोघरी केबल आली, परदेशी नावांच्या थंड बाटल्या आल्या, गल्लीगल्लीत फोनचे बूथ आले. आमच्या कोपऱ्यावरची जुनी मुतारी पाडून तिथे पांढऱ्या फरशांचं, पैसे देऊन वापरायचं शौचालय उभं राहिलं. जुनी मुतारी पुरुषांचीच होती. बायकांना काहीच नव्हतं. बाजाराला निघायचं म्हणजे घरून पाणी न पिता निघायचं, हे मला माझ्या आईने शिकवलेलं. मी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे जायची तर कंपाउंडर असा चेहरा करायचा की जणू त्याच्या डोक्यावरच बसणार आहे मी. त्यामुळे नव्या शौचालयाचा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता.

डावीकडच्या दारावर टिकली लावलेल्या बाईचं तोंड रंगवलेलं. उजवीकडच्या दारावर मिशीवाल्या पुरुषाचं. मध्ये टेबल, टेबलामागे एक आडदांड मनुष्य, आणि टेबलाला टेकवून ठेवलेली लाठी. लाठी कशाला लागते तिथे, हे मला आधी कळलं नव्हतं.

पहिल्या वेळी ती उजवीकडे गेली. मी नंतर ओरडले तिच्यावर, "साडी नेसून पुरुषांकडे कशाला मेलीस?" तर म्हणे, "खोटं कशाला करायचं, अक्का? जन्माने तेच ना." तिचा हा प्रामाणिकपणा तिच्या अंगावर आला. आत चार-सहा जण होते. एकाने पदर ओढला, दुसऱ्याने दार लावून घेतलं. तिचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं. एकाने पेटती सिगारेट पाठीवर, ब्लाऊजच्या गळ्याखाली टेकवली. त्यांना तिचं काही चोरायचं नव्हतं की तिच्याशी काही वैर नव्हतं. हातात सापडली, एवढंच कारण. ती परत आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत ओली होती, कानामागून रक्त येत होतं आणि माझे दुहेरी टाक्यांचे हूक कापडासकट उपटलेले होते.

"पाटीवर मिशीवाला होता," ती म्हणाली. "माझ्याकडे मिशी नव्हती."

मी तिच्या कानामागे हळद दाबत होते. मला त्या प्रत्येकाला कात्रीने सोलावंसं वाटत होतं. हे मी लिहिण्यासाठी वाढवून सांगत नाही. खरंच वाटत होतं.

दुसऱ्या खेपेला ती डावीकडे गेली. दारापर्यंतही पोचली नाही. टेबलवाल्याने खांदे पाहिले, चाल पाहिली आणि लाठी नडगीवर मारली. "किधर घुसरा रे? औरतां हैं अंदर!" ती खाली बसली तर पाठीत दुसरी. रसवाला आणि त्याची गिऱ्हाइकं पेले हातात घेऊन बघत होती. एक जण म्हणाला, "और एक लगाओ भाई." त्याने लगावली.

मग तिने पाणीच सोडलं. शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर घोट नाही, रविवारी परत शर्टात येईपर्यंत घोट नाही. आणि लागलीच तर तशीच दाबून धरायची. चेहरा पिवळा पडायला लागला. ताप यायचा. लघवीला आग व्हायची, पाठीत कळ यायची. वरच्या डॉक्टरांनी पाणी प्या म्हणून सांगितलं. तो मला म्हणाला, "पाणी प्यावं तर रविवार सुटतो, रविवार धरावा तर पाणी सुटतं."

माझ्या खोक्यात मोरी नव्हती. मी पडद्यामागे बादली ठेवते म्हटलं. ती ऐकेना. "साडी नेसून बादलीत? मग घरी कोपऱ्यात बसलेलं काय वाईट? मला फरशी पाहिजे, नळ पाहिजे, आतून कडी पाहिजे. दोन मिनिटं कुणी मारणार नाही एवढं पाहिजे." मागणं किती मोठं होतं बघा.

मला मग सुचलं ते सोपं होतं. अंग झाकता येतं, चेहरा झाकता येतो, आवाज तेवढा झाकता येत नाही. तर आवाजच काढून टाकायचा. पुढच्या रविवारी मी तिचा पदर डोक्यावरून हनुवटीपर्यंत घेतला, दंडाला धरलं आणि टेबलापाशी नेऊन उभी केली. टेबलवाला उठायला लागला. मी त्याच्या आधी बोलले.

"ये मेरी देवरानी है. गावकी है. गूंगी है बिचारी. इसकू हाथ लगाया तो कैंची पेट में घुसाऊंगी, समझे?"

कात्री खरंच माझ्या हातात होती. त्याने कात्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "गूंगी है तो बोलना ना पहले, अम्मा. जाओ."

आमच्या ह्यांना भाऊच नाही, त्यामुळे मला जाऊ असण्याचा संभवच नव्हता. पण त्या दिवसापासून मला जाऊ मिळाली. ती आत, मी दाराबाहेर पहाऱ्याला. आतून नळाचा आवाज यायचा, बराच वेळ यायचा. बाहेर यायची ती तोंड धुऊन, पदराने गाल टिपत, लग्नाला निघाल्यासारखी. दुकानात आल्यावर तांब्याभर पाणी प्यायची. मला दाखवून, घटाघटा.

"जाऊबाई," मी म्हणायची, "पुन्हा जायचंय का?"

"जाऊ," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी बावळटासारख्या हसायचो.

ते चांगले महिने होते. चेहऱ्याला रंग आला, ताप थांबला. मी मशीन चालवत तिला बोलायला शिकवायची, कारण जन्मभर मुकी ठेवायचा माझा विचार नव्हता. अडचण आपल्या मराठीची. यायचं सांगायला दखनीत 'हम आरैं' म्हटलं की झालं, बायाही तेच म्हणतात. तेलुगूत 'वस्तुन्ना' म्हटलं की बाई की बुवा कळतच नाही. मराठीत मात्र तोंड उघडलं की सापडलात. आलो की आले, बसलो की बसले. तिने त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. सगळं 'मला' आणि 'माझं' लावून बोलायचं. मला जायचंय, मला कळलं, माझं झालं. म्हणून तर ते करंगळीचं वाक्य तिचं लाडकं होतं. शर्टातही चालायचं आणि साडीतही.

"म्हण, आले."

"आले."

"गेले."

"गेले."

मग मध्येच मी वहिनीच्या आवाजात हाक मारायची आणि तिच्या तोंडून लगेच, "आलो, आलो!" मी लाकडी पट्टी तिच्या बोटांवर मारायची. ती बोटं चोळत म्हणायची, "चाळीस वर्षांची सवय आहे, अक्का. पट्टीने नाही जायची."

संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. वाणाच्या खरेदीला नांदेड-परभणीकडच्या बाया गाडीने कोठीत उतरलेल्या. शौचालयात डावीकडे ही रांग. ती आत गेली, मी दाराशी उभी. माझ्यामागे एक बाई, काखेत लेकरू, लेकरू रडून लाल झालेलं. बाईला धीर निघेना. तिने माझ्या अंगावरून हात घालून दारावर थाप मारली.

"अगं माय, निघ की गं! लेकरू थांबंना माझं!"

आणि आतून, भरल्या पुरुषी आवाजात, "आलो, आलो!"

बाईने माझ्याकडे पाहिलं. मागच्या बाईने तिच्याकडे पाहिलं. "माय! गडी हाय आत!" एवढं तिने म्हटलं आणि रांगच दारावर कोसळली. कडी हलकी होती, निघून आली. ती अजून बसलेलीच होती. तिला साडी सावरायलाही मिळालं नाही. पहिली चप्पल कुणाची ते मला दिसलं नाही. मग सगळ्यांच्याच निघाल्या. केस धरून तिला बाहेर ओढलं. वाणाला घेतलेली स्टीलची वाटी एकीने तिच्या तोंडावर अशी हाणली की ओठ फाटून दात दिसला. ह्या माझ्याच गावाकडच्या बाया होत्या. माझ्याच बोलीत शिव्या देत होत्या.

मीही उभी राहिले नाही. कोपऱ्यातली लोखंडी बादली उचलली आणि जो हात तिच्यावर उठेल त्या हातावर हाणत सुटले. आणि ओरडले, "अगं थांबा! कोल्हापूरकडची आहे ती! तिकडे बायका आलोच म्हणतात!"

खरं सांगते, त्या थांबल्या. एक जण धापा टाकत म्हणाली, "व्हय की. माझ्या नंदंची सासू तिकडचीच. ती म्हणती, आलो, गेलो." चपला हवेत राहिल्या. लेकरूसुद्धा रडायचं थांबलं. एवढ्या वेळात मी तिला उठवून बाहेर नेली असती.

पण टेबलवाला आत आला होता. त्याला मराठी थोडी कळायची. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मगर तुम तो गूंगी बोले थे."

आपल्याला फसवलं याचा त्याला जो राग आला तो इतर कुठल्याही गोष्टीचा आला नसेल. इतके रविवार त्याने मुकी म्हणून कीव केली होती. त्या सगळ्या किवेसाठी त्याने लाठी उचलली. कुणीतरी आंबाडा खेचला आणि गंगावन हातात आलं. मग बाहेरचे पुरुषही आत आले, बायकांच्या बाजूला, त्या दाराने, जिथून त्यांना यायला मनाई होती. त्यांना कुणी अडवलं नाही. ते हसत मारत होते. तिने डोक्यावर हात घेतले तर लाठी हातावर बसली आणि करंगळी मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी टेबलवाल्याच्या खांद्यावर बादली घातली. कुणीतरी मला भिंतीवर भिरकावलं. माझ्या कपाळाला पडलेली खोक अजून आहे, केस मागे बांधले की दिसते.

ती ओरडली नाही. फाटक्या ओठाने एकच म्हणत होती, "जाऊ द्या. मला जायचंय. मला जायचंय."

शेवटी तिथेच, त्या पांढऱ्या फरशीवर, सगळ्यांसमोर, तिचं अर्धं राहिलेलं झालं. तेव्हा ते सगळे मागे सरले. किळस आली त्यांना. हाताला रक्त लागलं तेव्हा आली नव्हती.

रिक्षावाल्याने तिला पाहून रिक्षा पुढे काढली. दुसऱ्याला मी कात्री दाखवून थांबवला. सरकारी दवाखान्यात कागद लिहिणाऱ्याचा पहिला प्रश्न, "मर्दाना वॉर्ड के जनाना?" तिच्या बरगड्या मोडलेल्या, तोंड सुजून डोळे दिसत नाहीत, आणि हा लेखणी हातात घेऊन थांबलेला. मी टेबलावर मूठ आपटली. मग त्यांनी तिची खाट दोन वॉर्डांच्या मधल्या व्हरांड्यात टाकली. अंगात दवाखान्याचा झगा होता. झग्यात तो की ती, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी ती धरून चालले.

आयाने खाटेवरच भांडं दिलं आणि पडदा ओढला. पडदा बाजूला झाल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "इथे बरंय, अक्का. पाटी नाही."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी तिच्यावरच चिडले. "तुला मुकी केली होती ना मी? काय गरज होती तोंड उघडायची? नुसती खोकली असतीस तरी चाललं असतं!"

तिच्या ओठाला टाके होते, बोलायला त्रास होत होता.

"तिनं मला अगं म्हटलं."

"कुणी?"

"त्या लेकुरवाळीनं. अगं माय म्हटलं. तुम्ही म्हणता, पण तुम्हाला माहीत आहे, तुम्ही ठरवून म्हणता. तिला काही माहीत नव्हतं. तिनं आपलं आपण म्हटलं." मग म्हणाली, "कुणी एवढ्या मायेनं हाक मारली तर गप्प कसं राहायचं, अक्का?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

भाऊ एकदाच आला. लांब उभा राहिला, घरात पोरी लग्नाच्या आहेत असं म्हणाला, कपड्यांची पिशवी खाटेच्या पायाशी ठेवली आणि गेला. शेठने दुसरा माणूस ठेवला. पोलिसांत मी गेले तर मलाच विचारलं की पुरुषाला बायकांच्या शौचालयात नेण्यात माझा काय हेतू होता. शौचालयाची कडी दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली. जाड, चांगली घातली.

मग एका दुपारी, आठवड्याच्या मधल्या वारी, मला दुकानात शिंक आली. पायरीवर तो उभा होता. हिंगाचा वास न गेलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात तीच पिशवी. खूप वाळला होता. त्याने करंगळी वर केली. ती वाकडी बसली होती, सरळ होत नव्हती.

"अक्का, मला जायचंय."

मी सवयीने कात्री उचलली आणि पायात चप्पल सरकवली. "चल. बघते कोण अडवतो ते."

"तिकडे नाही," तो हसला. "उदगीरला. बहिणीकडे."

"बहीण खरंच आहे?"

"आहे की. तुम्हाला खोटं कधी सांगितलं?"

मी त्याला थांब म्हटलं नाही. कशाच्या जोरावर म्हणणार होते? पडद्यामागे ठेवलेली मोतिया साडी मी पिशवीत घातली. त्याने ती काढून परत माझ्या मशीनवर ठेवली. पाणी दिलं, ते अर्धंच प्याला. कोपऱ्यावरून वळताना त्याने शौचालयाकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी आंब्यांच्या दिवसांत एक बाई दुकानात आली. माझ्या खांद्याइतकी उंची, काडीसारखे दंड. म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून तुम्ही ब्लाऊज शिवत होता म्हणे."

मी उठून उभी राहिले. तिने काही सांगायच्या आधीच मला कळलं.

किडन्या गेल्या, ती म्हणाली. दोन्ही. डॉक्टर म्हणाले, जुनं दुखणं आहे, वर्षानुवर्षं लघवी दाबून धरली असणार, त्यात पाठीला मार. तिला नीट समजलं नव्हतं. एवढा मोठा माणूस, दाबून कशाला धरेल? मी तिला पाणी दिलं.

जायला निघाली आणि उंबऱ्यात थांबली. "एक विचारू का? शेवटचे दिवस तो भानावर नव्हता. दाराची कडी वाजली, कुणी हाक मारली, की म्हणायचा, आले, आले. बाईसारखं. मी म्हणायची, अरे, आलो म्हण. तर पुन्हा तेच. असं का म्हणायचा, तुम्हाला काही ठाऊक?"

मशीनवर ती लाकडी पट्टी पडली होती. मी ती उचलून आत ठेवली.

"बरोबर म्हणत होती," मी म्हटलं.

ते शौचालय अजून आहे. पाट्या नव्याने रंगवल्यात, टिकलीवाली आता गोरी केली आहे. टेबलवाला बदलला, लाठी आहे. माझं वय झालं, मला वरचेवर जावं लागतं. मी डावीकडे जाते, ती जाड कडी लावते, आणि नळ सोडून निवांत बसते. बाहेर रांग वाढते. कुणीतरी थाप मारतं, "अहो, निघा की आता!"

"आलो, आलो!" मी ओरडते. होईल तेवढा आवाज जाड करून, बाहेर रसवाल्यापर्यंत जाईल असं. मग पदर खोचते, कोपऱ्यातली बादली हातात घेते, दार उघडते आणि रांगेतल्या एकेकीकडे बघत उभी राहते. अजून कुणी काही बोललेलं नाही.